एकमेकांच्या विश्वासाचा आधार

नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील अकराव्या आणि बाराव्या वचनांवर दिलेला संदेश मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. वाचणारा बहुधा 'मला सुवार्तेची लाज वाटत नाही' ह्या सोळाव्या वचनाकडे ओढीने जातो आणि त्याआधीच्या ह्या ओळी पत्रारंभीचे क्षेमकुशल समजून मागे पडतात. प्रेषित पौलाने हे पत्र इ. स. ५७ च्या सुमारास करिंथहून लिहिले. तोवर त्याने रोम शहर पाहिलेले नव्हते आणि तिथली मंडळी, म्हणजे चर्च, त्याने स्थापन केलेलीही नव्हती. अशा लोकांना तो कळवतो की, तुम्हांला भेटावे अशी मला फार उत्कंठा आहे, कारण तुम्ही विश्वासात स्थिर व्हावे म्हणून तुम्हांला काही आत्मिक कृपादान द्यावे असे माझ्या मनात आहे. इथे तो थांबला असता तरी ते एका प्रेषिताला शोभलेच असते. पण पुढच्याच वचनात तो आपल्या बोलण्याचा खुलासा करतो, की तुमच्या विश्वासाने मला आणि माझ्या विश्वासाने तुम्हांला, असे आपल्याला एकमेकांकडून उत्तेजन मिळावे.

ज्याने गलतीयापासून ग्रीसपर्यंत मंडळ्या उभ्या केल्या, ज्याच्या पत्रांनी मंडळ्यांमधले वाद मिटत, तो माणूस कधीही न पाहिलेल्या विश्वासणाऱ्यांना सांगतो की, मला तुमच्याकडून काही घ्यायचे आहे. मी नागपुरातल्या एका मराठी मंडळीत वाढले, तिथल्याच शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकले आणि आता तिथेच शिकवते. ह्या सगळ्या काळात मंडळीचे जे काही जवळून पाहिले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, आमच्याकडे कृपादानांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती दुसऱ्याचे कृपादान आपल्यासाठी आहे असे मानून ते स्वीकारणाऱ्यांची. देण्याची तयारी आमच्यात पुष्कळ आहे. घेण्याच्या बाबतीत मात्र आम्ही संकोचतो, आणि पौलाला अपेक्षित असलेली स्थिरता ह्या दोहोंवाचून येत नाही.

कृपादान म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा मंच येतो. थंडीच्या दिवसांत मैदानावर मांडव पडतो, बाहेरगावचे उपदेशक येतात, तीन-चार संध्याकाळी संजीवन सभा होतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, आणि ज्यांचा विश्वास वर्षभरात थंडावला होता अशी कितीतरी माणसे तिथून नव्या उत्साहाने घरी जातात. ह्या सभांविषयी मला आदर आहे, कारण माझ्या स्वतःच्या घरातल्या माणसांना त्यांतून बळ मिळालेले मी पाहिले आहे. तरीही रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल कृपादानांची जी नावे घेतो ती वाचताना मंचाची आठवणही होत नाही. संदेश देणे आणि शिकवणे तिथे आहे हे खरे, पण त्यांच्याच शेजारी, तितक्याच सहजपणे, सेवा करणे आहे, बोध करून धीर देणे आहे, औदार्याने दान करणे आहे, पुढाकार घेऊन काम चालवणे आहे, आणि सर्वांत शेवटी दया करणे आहे. ह्या शेवटच्या दानाला पौलाने एक अट घातली आहे, की दया करणाऱ्याने ती हर्षाने करावी. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर उपकाराचा भाव आला की त्या आजाऱ्याला काय वाटते हे ज्याने अनुभवले असेल त्याला ही अट का घातली हे सांगावे लागणार नाही.

हे दान मी प्रत्यक्ष पाहिले ते आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकेच्या ठायी. त्यांना आम्ही सगळे सिस्टरबाई म्हणतो. नागपुरातल्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळपासून थेट छिंदवाडा-बैतूलपर्यंतचे रुग्ण येतात आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसे दिवसेंदिवस वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात पथारी टाकून असतात. संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत आमच्या मंडळीतली काही माणसे तिथे जातात. सिस्टरबाईंच्या कापडी पिशवीत पवित्र शास्त्र असतेच, पण त्याच्याबरोबर खोबरेल तेलाची लहान बाटली, फणी, नेलकटर, दोन-चार सेफ्टी पिना आणि स्टीलचा एक पेला असतो. खाटेशी गेल्यावर त्या प्रार्थनेला लगेच सुरुवात करीत नाहीत. "काय जी, जेवण झालं का? झोप येऊन राहिली का रात्री?" असे विचारून त्या आधी स्टूल ओढून बसतात, आणि बसल्यावर उठण्याची घाई करीत नाहीत.

एका संध्याकाळी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला शेतकरी आणि त्याची बायको अशा दोघांना आम्ही भेटलो. खाटेवर नवरा होता; बायको पायथ्याशी, भिंतीला टेकून बसली होती. सिस्टरबाईंनी नवऱ्याची विचारपूस केली, त्याच्या सलाइनच्या हाताखाली घडी घातलेला टॉवेल नीट सरकवला, आणि मग त्या सरळ त्या बाईकडे वळल्या. तिचे केस कित्येक दिवसांत विंचरलेले नव्हते. "मागं फिर बरं," एवढेच म्हणून त्यांनी तळहातावर तेल घेतले आणि तिच्या केसांतला एकेक गुंता बोटांनी आधी सैल करून मगच फणी लावली, म्हणजे ओढले जाऊ नये. हे चालू असताना त्या तिला तिच्या गावातल्या मंडळीविषयी विचारीत होत्या: पाळक कुठून येतात, उपासना कुणाच्या घरी होते, धान कसे आहे. वेणी घालून झाल्यावर आम्ही तेविसावे स्तोत्र म्हटले. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे शब्द सुरू होताच त्या बाईनेही आमच्या सुरात सूर मिळवला. तिला वाचता येत नव्हते, पण पूर्ण स्तोत्र तिला मुखोद्गत होते. मग सिस्टरबाईंनी त्या दोघांसाठी प्रार्थना केली.

आम्ही निघण्यासाठी उठलो तेव्हा ती बाई म्हणाली, "थांबा जी. आता मी करतो तुमच्यासाठी." तिने आमच्यापैकी प्रत्येकाचे नाव विचारले, ते मनाशी पुन्हा म्हटले, आणि डोळे मिटून एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना केली. सिस्टरबाईंचे गुडघे दुखतात हे आमच्यापैकी कुणी सांगितले नव्हते. त्यांचे बसणे-उठणे तिने पाहिले होते, आणि तिच्या प्रार्थनेत ते गुडघेही आले. शेवटी तिने हलक्या आवाजात एक भजन म्हटले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने मान वळवून ते ऐकले. आम्ही त्या वॉर्डात धीर द्यायला गेलो होतो, आणि परत येताना सदर भागापर्यंतच्या वाटेत आमच्यातल्या कुणालाही फारसे बोलावेसे वाटले नाही, इतका धीर आम्हीच घेऊन आलो होतो. बाराव्या वचनात पौल जे म्हणतो ते मला त्या दिवशी समजले असे म्हटले तर ते खरेच ठरेल.

ते भजन मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे होते, आणि ह्या विषयात टिळकांना वगळून पुढे जाणे मला शक्य नाही, कारण त्यांच्या जीवनाची वाट नागपुरातून गेली आहे. टिळक काही काळ नागपुरात राहिले होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. गप्पा काव्यावरून धर्मावर आल्या, आणि त्या गृहस्थाने निघताना त्यांना नव्या कराराची प्रत दिली. पुढे १८९५ साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या लेखणीतून मराठी ख्रिस्ती मंडळीसाठी भजनांमागून भजने येत राहिली. त्याआधी आमच्या उपासनेत परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. टिळकांनी अभंग आणि ओवी ह्यांच्या वळणाने ख्रिस्ताची भक्ती गायिली, आणि ज्या घरांत अक्षरओळखही नव्हती त्या घरांत विश्वासाचे शिक्षण जात्यावरच्या गाण्याइतक्या सहजतेने शिरले. गडचिरोलीच्या त्या बाईने सांगितले की, ते भजन तिला सासूने शिकवले, आणि सासूला गावोगाव फिरून पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या एका बायबलबाईंनी. म्हणजे डब्यातल्या त्या गृहस्थापासून टिळकांपर्यंत, टिळकांपासून त्या बायबलबाईंपर्यंत, त्यांच्यापासून सासू-सुनेपर्यंत आणि तिथून मेडिकलच्या वॉर्डात उभ्या असलेल्या आमच्यापर्यंत ते दान आले. ह्या ओळीतल्या बहुतेकांना आपल्या पुढचा माणूस कोण हे कधीच कळले नाही.

पेत्र आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासणाऱ्यांना देवाच्या नानाविध कृपेचे कारभारी म्हणतो. कारभाऱ्याचा अधिकार मोठा असतो, पण ज्यावर तो कारभार करतो ते त्याचे नसते. आमच्या मंडळ्यांत पुष्कळ दुखणी ह्या एका गोष्टीच्या विसरण्यातून येतात असे मला वाटते. ज्याचा गळा चांगला तो गायनाची बाजू आपली समजतो. ज्याला शास्त्राचा अभ्यास आहे तो दुसऱ्याच्या अर्थविवरणाकडे परीक्षकाच्या नजरेने पाहतो. दान देणारा दानाच्या विनियोगावर हक्क सांगतो. कमिटीच्या निवडणुका जवळ आल्या की मंडळीत पदांची चर्चा होते, आणि अमक्याला काय दिले आहे, तमकीला काय दिले आहे, हा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही. पदे मोजकीच असतात, म्हणून त्यांच्यासाठी चढाओढ होते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीर आणि अवयव ह्यांचे जे वर्णन आहे त्यात चढाओढीला जागाच नाही, कारण डोळा हाताला 'मला तुझी गरज नाही' असे म्हणू शकत नाही. पौल तर तिथे आणखी पुढे जातो आणि म्हणतो की, शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत.

करिंथच्या मंडळीत कृपादाने भरपूर होती आणि भांडणेही भरपूर होती. आत्म्याच्या प्रेरणेने अन्य, अनोळखी भाषा बोलणारे स्वतःला श्रेष्ठ मानीत, आणि ज्यांना ते दान नव्हते ते खट्टू होत. हा प्रश्न आजच्या नागपुरातही आहे. इथे संथ, छापील उपासनाविधीने चालणाऱ्या मंडळ्या आहेत, टाळ्या आणि हालेलुयांच्या गजरात उपासना करणाऱ्या मंडळ्या आहेत, मोहननगरच्या कॅथीड्रलमध्ये मिस्सा अर्पण करणारे कॅथलिक बंधुभगिनी आहेत, आणि ह्यांतल्या प्रत्येकाला दुसऱ्यात काही ना काही उणे दिसते. पौलाने चौदाव्या अध्यायात ह्यावर एकच कसोटी दिली आहे: ह्याने मंडळीची उन्नती होते का? तो म्हणतो की, मंडळीत अन्य भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा, दुसऱ्यांना शिकवता यावे म्हणून समजतील असे पाच शब्द बोलणे मला अधिक आवडते. अन्य भाषेचे दान तो नाकारीत नाही. स्वतः आपण इतर सर्वांपेक्षा अधिक भाषा बोलतो, असेही तो त्याच ठिकाणी सांगतो. तरी त्याच्या लेखी मोल आहे ते ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडले ह्याला. बारावा आणि चौदावा ह्या दोन अध्यायांच्या मध्ये प्रीतीचा तेरावा अध्याय आहे. आम्ही तो लग्नात वाचतो, पण लिहिला गेला तो दानांवरून भांडणाऱ्या मंडळीसाठी, आणि माझ्या मते तो वर्षातून एकदा तरी कमिटीच्या बैठकीच्या आरंभी वाचला जावा.

ही कसोटी मोठ्या प्रमाणावर लावण्याचा एक प्रयत्न ह्याच शहरात झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. ह्या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या, म्हणजे ज्यांनी त्या सुरू केल्या त्यांच्यापैकी पुष्कळांना तो दिवस पाहायला मिळाला नाही. अँग्लिकन मंडळी होती, तिच्याकडे बिशपांची परंपरा होती. उत्तर भारताची संयुक्त मंडळी होती, जिच्यात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोक १९२४ सालीच एकत्र आले होते; स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हापासूनचा इथल्या स्कॉटिश मिशनचा वारसा ह्याच बाजूचा. बाप्टिस्ट होते, ज्यांच्या मते विश्वास स्वतः कबूल केल्यानंतरच बाप्तिस्मा घ्यावा. ब्रदरन मंडळी होती, जिच्यात प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची रीत आहे. डिसायपल्स होते, जे दर रविवारी प्रभुभोजन घेतात. आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते.

ह्या सहा मंडळ्यांनी आपापले वेगळेपण टाकून द्यावे असे कुणी म्हटले नाही. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा हे दोन्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मान्य आहेत, आणि एकाच बाकावर बसलेल्या दोन कुटुंबांनी ह्या बाबतीत दोन वेगळ्या वाटा धरलेल्या असू शकतात. माझ्या दृष्टीने ह्या घटनेतली सर्वांत कठीण गोष्ट ही की, प्रत्येक मंडळीला कबूल करावे लागले की, देवाने दुसऱ्यांना असे काही दिले आहे जे आपल्याकडे नाही आणि जे आपल्याला हवे आहे. बिशप नको म्हणणाऱ्यांनी बिशप स्वीकारले, आणि बिशपांच्या परंपरेतल्यांनी वडीलजनांचा आणि सभासदांचा आवाज स्वीकारला. हे सगळे सुखासुखी झाले असे नाही. मालमत्तेचे आणि अधिकाराचे तंटे पुढेही झाले, आणि आजही ते ऐकू येतात. पण घेण्यासाठी हात पुढे करण्याचे धैर्य ज्या पिढीने दाखवले तिच्या शहरात आपण राहतो, ह्याची आठवण मी माझ्या वर्गातल्या मुलांना दर वर्षी नोव्हेंबरात करून देते.

दुसऱ्याचे दान ओळखणे हेही एक दान आहे, आणि ते आरंभीच्या मंडळीतल्या बर्णबाला मिळाले होते. यरुशलेमेतले शिष्य शौलाला, म्हणजे पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला, भीत होते तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेणारा बर्णबा होता. अंत्युखियात मंडळी वाढू लागली तेव्हा तिथे मुख्य शिक्षक म्हणून एकट्याने नाव कमावणे त्याला सहज शक्य होते. पण तो तार्सास गेला, शौलाला शोधून काढले आणि त्याला आपल्याबरोबर घेऊन आला. पुढे मार्क अर्ध्या वाटेतून परत गेला म्हणून पौल त्याला पुन्हा नेण्यास तयार नव्हता. दोघांत कडाक्याचा वाद झाला, आणि बर्णबाने मार्काला बरोबर घेऊन कुप्राची वाट धरली. कित्येक वर्षांनी कैदेतून लिहिताना तोच पौल तीमथ्याला सांगतो की, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. परंपरेप्रमाणे हा मार्क म्हणजे शुभवर्तमान लिहिणारा मार्क. बर्णबाच्या नावाने एकही पत्र नव्या करारात नाही, पण पौलाची पत्रे आणि मार्काचे शुभवर्तमान वाचताना मला त्याचे ऋण जाणवते.

आमच्या शब्बाथशाळेत एक मुलगी होती. चारचौघांत ती बोलत नसे, पाठांतर स्पर्धेत तिचा नंबर कधी येत नसे. वर्गात एक मुलगा होता ज्याला गोष्ट समजायला वेळ लागे, आणि धडा संपल्यावर ही मुलगी त्याच्याशेजारी बसून तीच गोष्ट पुन्हा, त्याच्या घरातल्या आणि गल्लीतल्या वस्तूंची नावे घालून सांगत असे. हे पहिल्यांदा आमच्या मंडळीतल्या एका वडीलजनांच्या लक्षात आले. त्यांनी तिचे कौतुक सगळ्यांसमोर केले नाही. तिला बाजूला घेऊन एवढेच सांगितले की, तुला जे येते ते देवाने दिले आहे आणि मंडळीला ते पाहिजे आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला ह्यांनी अपुल्लोला असेच बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला होता. ती मुलगी आज लहान मुलांचा वर्ग घेते, आणि तो मुलगा त्याच वर्गातल्या चटया घालण्यापासून हजेरीपर्यंतचे सगळे काम बिनचूक करतो.

आणि एक उदाहरण, जे मला सर्वांत जवळचे वाटते. आमच्याकडचे एक पाळक चाळीसहून अधिक वर्षे सेवा करून निवृत्त झाले. विदर्भातल्या कितीतरी घरांत त्यांनी बाप्तिस्मे दिले, लग्ने लावली, माणसांना मूठमाती दिली. मॅडम, म्हणजे त्यांच्या पत्नी, गेल्यानंतर मात्र त्यांचे मन प्रार्थनेत लागेना. हे त्यांनी स्वतः आम्हांला सांगितले आणि इतरांनाही सांगण्यास हरकत नाही असे म्हटले, म्हणूनच मी लिहिते आहे. रात्री झोप येत नसे, शास्त्र उघडले तर डोळे त्याच ओळीवर फिरत राहत. ज्याने इतरांना आयुष्यभर धीर दिला त्याने आपले हे रितेपण कुणाजवळ बोलावे? लोक भेटायला येत ते त्यांच्याकडून आशीर्वाद घेण्यासाठीच.

तरुण संघातला, कुरिअर पोचवण्याचे काम करणारा एक मुलगा गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागला. आरंभी तो दळण आणून देणे, विजेचे बिल भरणे अशा कामांसाठी जात असे. एकदा साहेबांनी, म्हणजे त्या पाळकांनी, त्याला सहज विचारले की, तू मला थोडे वाचून दाखवशील का? मुलाने मार्काचे शुभवर्तमान निवडले, कारण ते लहान आहे असे त्याला कुणीतरी सांगितले होते. तो अडखळत वाचतो, जोडाक्षरांवर थांबतो, गावांची नावे चुकवतो. साहेब दुरुस्ती करीत नाहीत. वाचून झाल्यावर ते त्याला विचारतात, "ह्यातलं तुला काय भावलं ते सांग," आणि दिवसभर जिने चढून-उतरून आलेला तो मुलगा आपल्या समजुतीप्रमाणे सांगतो. पहिल्या संध्याकाळी निघताना साहेब त्याला म्हणाले, "आज प्रार्थना तू कर. माझ्यानं होत नाही." मुलगा गडबडला, त्याने आजवर मोठ्याने प्रार्थना केलेली नव्हती. शेवटी तो एवढेच बोलला, "प्रभू, साहेबांना आज झोप लागू दे. आमेन." त्या रात्री मला झोप लागली, असे साहेब सांगतात, आणि सांगताना त्यांच्या बोलण्यात कसलाही संकोच नसतो. त्या मुलाला आपण काही दिले असे अजून वाटत नाही. पण आता रविवारी उपासनेत वाचनासाठी उभा राहताना त्याचे पाय कापत नाहीत, आणि हे त्याला साहेबांनी दिले आहे.

रोमकरांना लिहिलेली पौलाची इच्छा पूर्ण झाली, पण त्याने योजली होती तशी नाही. पत्र लिहिल्यानंतर तीनेक वर्षांनी तो रोमजवळ पोचला तो कैदी म्हणून, पहारेकऱ्यांबरोबर, वाटेत तारू फुटून जीवावरच्या संकटातून वाचल्यावर. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात लूक सांगतो की, तो येत आहे हे ऐकून रोमचे बंधुजन त्याला सामोरे आले, काही अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि काही तीन उतारशाळांपर्यंत. अप्पियाची पेठ रोमपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर होती आणि तीन उतारशाळा पन्नासेक किलोमीटरवर. म्हणजे नागपूरच्या माणसांनी कुणाला भेटण्यासाठी रामटेकपर्यंत, आणि काहींनी त्याहूनही पुढे, रस्ता तुडवत जावे तसे ते आले. बेड्यांतल्या एका माणसाला सामोरे जाण्यात धोकाही होता. त्यांना पाहून पौलाने देवाचे उपकार मानले आणि त्याला धीर आला, असे लूक लिहितो. पौलाने तोंड उघडून त्यांना काही शिकवण्याआधीच, रस्त्याच्या कडेला, पत्रातले बारावे वचन खरे झाले होते. देण्यासाठी निघालेला प्रेषित आधी घेणारा झाला.

हे सगळे समोरासमोर झाले ह्याचेही मला महत्त्व वाटते. पौलाचे पत्र आधीच रोमला पोचले होते आणि त्या पत्राएवढे समृद्ध लिखाण मंडळीला क्वचितच मिळाले असेल, तरीही त्याला प्रत्यक्ष यायचे होते. आज आमच्या मंडळीचा व्हॉट्सअॅप समूह आहे, पुण्याला आणि बंगळुरूला गेलेली मुले बुधवारच्या प्रार्थनेत मोबाइलवरून सामील होतात, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण रोज सकाळी पाठवलेले वचन तेलाची बाटली घेऊन खाटेशी बसू शकत नाही, आणि ज्याच्या मनात प्रार्थना उरलेली नाही तो माणूस समूहावर हात जोडल्याचे चित्र पाठवून सुटका करून घेऊ शकतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आपले एकत्र मिळणे सोडू नये असे सांगितले आहे, आणि त्याचे कारणही तिथेच दिले आहे, की एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मे ह्यांसाठी उत्तेजन द्यावे.

गडचिरोलीच्या त्या बाईचा नवरा बरा होऊन घरी गेला. धानाची कापणी झाली की त्यांच्या गावात पिकाची उपकारस्तुती होते, आणि तिने आम्हां सर्वांना बोलावले आहे. आमच्याकडची सवय अशी की, खेड्यातल्या मंडळीचे बोलावणे आले की संदेश कोण देणार, गाणी कोण बसवणार, भेट म्हणून काय न्यायचे ह्याची यादी आधी तयार होते. सिस्टरबाईंनी ह्या वेळी त्या बाईला फोन करून विचारले की, तिथे उपासना कोण चालवते. गावातल्या बायाच चालवतात, असे उत्तर आले. पाळक महिन्यातून एकदाच येऊ शकतात. तेव्हा उपासना त्यांनीच चालवावी आणि आम्ही पुढे चटईवर बसावे, असे ठरले आहे. निवृत्त साहेबांनाही यायचे आहे, आणि वाचून दाखवण्यासाठी कुरिअरचा तो मुलगा त्या दिवशी सुट्टी घेणार आहे. गाडीत एक जागा अजून रिकामी आहे. ती कुणाला द्यावी ह्यावर येत्या रविवारी उपासनेनंतर बोलायचे आहे.